दुःखाची ओळ

कांद्याच्या पिशवीवर हात आला आणि मी आधी तो हात ओळखला, चेहरा नंतर पाहिला. अंगठ्यानं शेजारच्या बोटाची कड घासत राहायची सवय. अकरा दिवस मी तो हात कोर्टात समोरच्या बाकावर पाहिला होता. साक्षीदार बोलायला लागला की मी त्याच्याकडे न बघता त्या अंगठ्याकडेच बघायचो. आता त्याच हातानं माझे कांदे, आइस्क्रीमचा डबा आणि माझ्या बायकोचं, नेल्डाचं, पोट साफ होण्याचं औषध यंत्रावरून सरकवलं. दुकानाचा लाल एप्रन, छातीवर नावाची पट्टी : मारिसेला. "सगळं मिळालं ना, सर?" ती म्हणाली. सगळ्यांनाच विचारतात तसं. मी "हो, मिळालं" म्हणालो, पैसे दिले आणि बाहेर येऊन पिकअपमध्ये बसलो. ऑगस्ट महिना. कॉर्पस क्रिस्टीत या दिवसांत समुद्रावरून वारा येतो तोही ओल्या टॉवेलसारखा अंगाला चिकटतो. किल्ली हातात होती, पण गाडी चालू करायचं सुचेना. ही बाई इथं काय करते आहे? दुकानाच्या गल्ल्यावर उभी राहून ही माझे कांदे का तोलते आहे? हिला तर आम्ही एकोणसत्तर लाख डॉलर दिले होते.

'आम्ही' असं म्हणायची पद्धत आहे. ज्युरीत बारा जण असतात. पण खरं सांगायचं तर गेलं दीड वर्ष मनातल्या मनात मी 'मी' असंच म्हणत आलो आहे. अडतीस वर्षं मी जमिनी मोजल्या. लोकांच्या कुंपणाच्या खुणा शोधल्या, दोन भावांच्या मधोमध लोखंडी सळ्या ठोकल्या आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. त्यात कुणी माझं नाव काढावं असं काही नव्हतं. निवृत्त झालो आणि ज्युरीचं पत्र आलं. पहिल्याच दिवशी बाकीच्या अकरा जणांनी मला प्रमुख केलं, कारण मी वयानं मोठा होतो आणि बाकी कुणाला ते नको होतं. त्या चार भिंतींत मी जे केलं ते माझ्या हातून आयुष्यात झालेलं सगळ्यांत मोठं काम, असं मी धरून चाललो होतो. दाढी करताना आरशात बघून मला ते आठवायचं. नेल्डा चिडवायची, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हा शहाणा चढला तो चढला, आता उतरायलाच तयार नाही." मी हसायचो. चिडवून घ्यायलाही बरं वाटायचं.

मारिसेलाच्या मुलीचं नाव यारेली. पाच वर्षांची असताना तिला टॉन्सिल काढायला नेलं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरनं यंत्राची धोक्याची घंटा बंद करून ठेवली होती. ती सारखी वाजते, कामात व्यत्यय येतो, असं त्यानं शपथेवर सांगितलं, तेही इतक्या साधेपणानं की मला क्षणभर पटलंच. नऊ मिनिटं तिच्या मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. एकदाच, पाच मिनिटांसाठी, तिला चाकाच्या खुर्चीतून कोर्टात आणलं होतं. मान एका पट्ट्यानं बांधलेली, डोळे छताकडे. ओठांतून लाळ आली आणि आईनं तिच्याकडे न बघताच स्वतःच्या बाहीनं पुसली. न बघता. आपण चालता चालता चष्मा वर सरकवतो तसं. मी त्याच वेळी ठरवलं होतं की या बाईला रिकाम्या हातानं घरी जाऊ द्यायचं नाही.

तिचा वकील मात्र आम्हा कुणालाच आवडला नव्हता. टाय नेहमी वाकडा, आणि तोंडात सारखे खर्चाचे तक्ते. नर्सला तासाला किती, पोटात अन्न सोडायच्या नळीला महिन्याला किती, खुर्ची दर पाच वर्षांनी बदलावी लागते तिला किती. वर्षाला एक लाख तीस हजार, आणि ती अशी अठ्ठेचाळीस वर्षं जगेल असं धरून बासष्ट लाख. तीन दिवस तो त्याच रुळावर. आईच्या दुःखाबद्दल, त्या मुलीच्या यातनांबद्दल मोजून दहा मिनिटं बोलला आणि बसला. जेवणाच्या सुट्टीत बर्था लू, शाळेच्या स्वयंपाकघरातली बाई, हातातलं सँडविच ठेवून म्हणाली, "अख्खी दुपार डायपरवर घालवतो मेला! याला काळीज आहे की नुसता गल्ला?" आम्ही सगळे हसलो. मला आता आठवतं, तो तक्ते दाखवताना आमच्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघायचा, थांबायचा, पुन्हा तीच ओळ वाचायचा. मास्तर ढ पोरांपुढे उदाहरण पुन्हा पुन्हा करतात तसं. मला वाटायचं, हा आम्हाला मूर्ख समजतो.

आइस्क्रीम वितळून डब्याबाहेर आलं तेव्हा मी घरी निघालो. नेल्डाला सांगितलं तर म्हणाली, "पैसे आले म्हणून काय माणसानं काम सोडायचं? घरात बसून वेडी होईल ती." मलाही ते पटवून घ्यायचं होतं, पण जमेना. घरात अशी मुलगी आणि हातात एकोणसत्तर लाख असलेली बाई आठ तास उभी राहून लोकांचे कांदे तोलत नाही. वकिलानं लुबाडलं असेल, कुणी भाऊबंद निघाला असेल, असं काय काय मनात आलं. मोजणीतली माझी सवय अशी की संशय आला की मूळ नकाशा काढायचा. दोन दिवसांनी मी कोर्टाच्या इमारतीत गेलो. तिथल्या नोंदींच्या खिडकीवर ऑफेलिया बसते. तिच्याकडून मी तीस वर्षं जमिनींचे कागद काढले, तिच्या मुलीच्या लग्नातही जेवलो. तिनं केस शोधली आणि निकालाचा कागद माझ्यापुढे ठेवला. आमचा नव्हे, जज्जाच्या सहीचा. खर्चाच्या ओळीत नऊ लाख होते, आम्ही लिहिलेले. त्याखालच्या, दुःखाच्या ओळीत आम्ही साठ लाख लिहिले होते. तिथं अडीच लाख होते.

"याला काय झालं?" मी त्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं.

"काय व्हायचंय? कापलं." ऑफेलियानं चष्मा कपाळावर चढवला. "डॉक्टरवरच्या केसमध्ये दुःखाला अडीच लाखांच्या वर जाता येत नाही, वेंडेल. खर्चाला मर्यादा नाही, दुःखाला आहे. कायदाच आहे तसा. तुम्ही कितीही लिहा, सही करताना जज्ज कापतो. सगळ्यांचंच कापतात."

"आम्हाला कुणी बोललं नाही."

"सांगायचंच नसतं ज्युरीला."

"जज्जाला माहीत होतं?"

"जज्जाला, दोन्ही वकिलांना, दारावरच्या शिपायालासुद्धा. तुम्ही बारा सोडून सगळ्यांना."

"पण का सांगायचं नाही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिची थट्टा करतो आहे असं तिला वाटलं असावं. "अरे देवा! सांगितलं तर तुम्ही शहाणपणा करून तोच आकडा वरच्या ओळीत टाकाल ना? म्हणून तर सांगत नाहीत."

मी कागद उलटा ठेवला आणि बाहेर आलो. आम्ही इतके गुणी की कुणी न सांगता आकडा वरच्या ओळीतून काढून खालच्या ओळीत टाकला होता. आम्ही कसलं, मी.

ज्युरीच्या खोलीतला तो चौथा दिवस होता. बारातले दहा एका बाजूला आले तरच निकाल लागतो, आणि आम्ही नऊ मतांवर अडलो होतो. डेल प्रुइट, लोकांच्या कराचे फॉर्म भरून देणारा, कानामागे पेन्सिल, दोन जणांना घेऊन खर्चाच्या ओळीवर बसला होता. "चोवीस तास नर्स कशाला? रात्री मूल झोपतं ना?" "ही खुर्ची मी नेटवर निम्म्या किमतीत दाखवतो." त्यानं त्या बासष्ट लाखांची सालं काढत काढत नऊ लाखांचा गर उरवला आणि त्यापुढे हटेना. बर्था लूनं त्याला कंजूष म्हटलं, कुणी तरी टेबलावर मूठ आपटली, जेवण गार झालं. मग मला सुचलं. आणि सुचलं तेव्हा किती आनंद झाला होता मला! जमिनीची बाहेरची हद्द बरोबर आली की आतले वाफे कुठं का पाडेनात, एकूण क्षेत्र तेवढंच राहतं, हे मी अडतीस वर्षं लोकांना सांगत आलो होतो. मी म्हणालो, "डेल, खर्चाची ओळ तुझी. लिही तुझे नऊ लाख. मी वाद घालत नाही. पण दुःखाची ओळ माझी. तिथं तू बोलायचं नाहीस." तो पेन्सिल चावत म्हणाला, "दुःखाची पावती नसते. तिथं मी काय बोलणार? लिहा काय ते." मी साठ लाख लिहिले. वर एक भाषणही केलं. म्हटलं, नळ्या नि डायपर यांच्यापेक्षा आईचं दुःख मोठं असतं, मोठा आकडा त्याच ओळीत शोभतो. बर्था लू रडली. कुणी टाळ्याही वाजवल्या. निकाल वाचला गेला तेव्हा वाकड्या टायच्या वकिलानं दोन्ही हातांत डोकं धरलं. मला वाटलं, माणसाला भरून आलं आहे. डॉक्टरच्या वकिलानं शांतपणे बॅगेची चेन ओढली. मला वाटलं, चला, हरावं तर असं.

कायदा करणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी कोर्टाच्या पायऱ्या उतरत होतो आणि मधेच कठड्याला धरून उभा राहिलो. नऊ वर्षांपूर्वीचा सप्टेंबर, शनिवार. कबुतरांच्या शिकारीचे दिवस, बंदूक गाडीत मागे ठेवलेली. माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरनं आधीच्या आठवड्यात या अडीच लाखांच्या मर्यादेवरच्या मतदानाचं एक कार्ड हातात दिलं होतं. "वेंडेल, हे मंजूर झालं नाही तर मी दवाखाना बंद करून ओक्लाहोमाला जाणार. मग तुझा गुडघा कोण बघणार?" माझा गुडघा खरंच दुखत होता. घसरून पडल्याचं सोंग करून पैसे उकळणारे लोक, त्यांचे जाहिरातीतले वकील, त्यांना वेसण घालायलाच हवी असं मलाही वाटत होतं. मी शाळेच्या जिममध्ये गेलो, मर्यादेच्या बाजूनं मत दिलं, दोन मिनिटंही लागली नाहीत, आणि दुपारी सहा कबुतरं पाडली. त्या शनिवारातली कबुतरंच माझ्या लक्षात राहिली होती. कोर्टात ज्युरीची निवड करताना वाकड्या टायनं मला विचारलंही होतं, अशा खटल्यांबद्दल तुमचं काही ठाम मत? मी नाही म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं, इतकं मी ते विसरलो होतो. अडीच लाख त्या वेळी मला भरपूर वाटले होते. कुणाच्या दुःखाला ते पुरायचे आहेत हे कार्डावर लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर तीन आठवडे मी त्या दुकानात जात राहिलो. दुसऱ्या दुकानात जाता आलं असतं, पण नाही गेलो. मारिसेलाच्या रांगेला मात्र टाळायचो. दूरच्या गल्ल्यावर उभा राहून तिला बघायचो. ती गिऱ्हाइकांशी छान बोलायची, पोरांना चिकटवायची चित्रं द्यायची, आणि रांग रिकामी झाली की अंगठा बोटावर घासायला लागायची. रात्री नऊ लाख या आकड्याकडे मी सगळ्या बाजूंनी बघायचो. डेलला फोन करावा, त्याला शिव्या घालाव्यात असं वाटायचं. पण डेल त्याच्या जागी बरोबर होता, त्यानं मनापासून कंजूषपणा केला होता. मनापासून मोठेपणा मी केला होता. मी आणखी चार दिवस नऊ मतांवर अडून राहिलो असतो, वीस लाखांवर, तीसवर तडजोड झाली असती, तर तेवढे तिला मिळाले असते. गप्प बसलो असतो तरी जास्त मिळाले असते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात माझा आणि अवलक्षण तिचं. एकदा जेवताना नेल्डा म्हणाली, "तिला सांगायचं मनात आहे तुझ्या. दिसतंय." मी म्हटलं, "तिला कळायला हवं." ती म्हणाली, "कळून तिला काय मिळणार? मिळणार ते तुला. तुझं ओझं हलकं होणार आणि ते तिच्या डोक्यावर जाणार. घरात आहे ते कमी आहे का तिला?" नेल्डाचं बोलणं मला बहुतेक वेळा पटतं. मी मटारची वाटी तिच्याकडे सरकवली.

मंगळवारी सकाळी दुकानात दोनच गल्ले चालू होते आणि दुसऱ्यावर म्हाताऱ्यांची ही रांग. मी हातात एक पावाची लादी घेऊन मधेच उभा. "या ना सर, इकडे मोकळं आहे," मारिसेलानं हाक मारली. मी गेलो. तिनं लादी उचलली, पण यंत्रावरून सरकवली नाही.

"तुम्ही पहिल्या खुर्चीतले," ती हळूच म्हणाली. "मी त्याच दिवशी ओळखलं होतं. कांदे होते तुमच्याकडे. म्हटलं, बोलावं की नको."

"यारेली कशी आहे?" माझ्या तोंडून एवढंच आलं.

"आहे. सकाळी नर्स येते, दुपारी माझी बहीण बसते, मग मी. वजन वाढलंय, आता मला एकटीला उचलत नाही." तिनं माझ्या मागं पाहिलं. रांगेत कुणी नव्हतं. "सर, रागावू नका, एक विचारायचं होतं. कुणाला विचारणार? वकील म्हणतात, ज्युरीच्या मनातलं कळत नाही. तुम्ही लोकांनी आमच्यासाठी साठ लाख लिहिलेत. ते गेले, जाऊ देत. कायदा आहे. पण वरच्या ओळीत नऊच का लिहिलेत?"

मी बोलायला तोंड उघडलं. तिनं हात वर करून थांबवलं.

"मी हिशोब केला. वर्षाला एक लाख तीस हजार, म्हणजे नऊ लाखांत सात वर्षं. सात म्हणजे सातच. तुम्ही बारा जणांनी सगळे कागद बघितलेत, यारेलीला बघायला मी बाहेर जायचे तेव्हासुद्धा डॉक्टर लोक तुमच्यापुढे बोलत होते. मला कुणी सांगत नाही. पण तुम्हाला सांगितलं असणार." तिचा अंगठा बोटावर घासत होता, जोरात. "ती सातच वर्षं काढणार, असं सांगितलं होतं ना कुणी? म्हणून तेवढेच लिहिलेत? साठ लाख आईच्या दुःखाचे, कारण पोर जाणार. असंच ना? खरं सांगा. मी दीड वर्ष रोज एकेक दिवस कमी करतेय."

नेल्डा बरोबर बोलली होती, पण ही असे दिवस मोजते आहे हे नेल्डाला माहीत नव्हतं. "नाही," मी म्हणालो. "असं कुणी सांगितलं नाही. एकाही डॉक्टरनं नाही. शपथेवर सांगतो. ती खूप जगेल असंच सगळे म्हणाले होते."

"मग नऊ?"

"ते मी केलं. एक जण खर्चाला अडून बसला होता, निकाल लागत नव्हता. मी म्हटलं, वर कमी लिहू, खाली जास्त लिहू, एकूण तेवढंच. खालचं कापतात हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्हाला सांगत नाहीत. वरचं कापत नाहीत. वर लिहिलं असतं तर सगळं मिळालं असतं. मी ते खाली नेलं. माझी कल्पना होती, मारिसेला, दुसऱ्या कुणाची नाही."

तिनं किती ऐकलं कोण जाणे. लादी छातीशी धरून ती डोळे मिटून उभी होती. "म्हणजे कुणी म्हणालं नव्हतं," ती पुटपुटली. "म्हणजे ती जगेल." आणि तिनं गल्ल्यावरून हात पुढं करून माझा हात धरला. तिचा चेहरा एकदम तरुण झाला. किती लहान आहे ही बाई, कोर्टात मला दिसलंच नव्हतं. "जगेल ती, सर! देव तुमचं भलं करो. मी त्या सात वर्षांत वेडी झाले असते." शेजारच्या गल्ल्यावरच्या मुलीला ती ओरडून स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली आणि ती मुलगीही हसली. माझा हात तिच्या हातात होता आणि तो काढून घ्यायचं धैर्य मला झालं नाही. "तुम्ही ऐकलंत ना मी काय बोललो?" मी विचारलं. "ऐकलं, ऐकलं. तुम्ही चांगल्यासाठीच केलंत," ती घाईघाईनं म्हणाली.

मग तिनं लादी यंत्रावरून सरकवली. आवाज झाला, किंमत आली. मी नोटा काढल्या, तिनं सुटे मोजायला घेतले. मोजता मोजता तिचा हात थांबला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि ते तिला समजताना मला दिसलं, हळूहळू, कपाळापासून खाली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"अठ्ठेचाळीस वर्षं म्हणाले होते ना ते?"

"हो."

"आता नववं लागलंय तिला." सुटे पैसे तिच्या मुठीतच होते. "मी तर तोपर्यंत नसणार. माझी बहीणही नसणार. सर, मग तिला उचलणार कोण?"

मागं एक बाई दोन मुलांना घेऊन येऊन उभी राहिली आणि तिनं आपलं दूध पट्ट्यावर ठेवलं. मारिसेलानं माझे सुटे पैसे माझ्या हातात दिले. मी लादी उचलली, पण निघता येईना; आणि ती त्या बाईला म्हणाली, "सगळं मिळालं ना, मॅडम?"